निविदेत वेग आहे, अंतर कुठे आहे?

डेटा सेंटर म्हटले की पहिला प्रश्न वेगाचा येतो: १०० जी की ४०० जी (गिगाबिट प्रतिसेकंद)? दिल्ली परिसरात सध्या याच आकड्याची चलती आहे. पण नुसता आकडा फारसे काही सांगत नाही. आयईईई या मानक-संस्थेच्या २०१७ च्या एकाच मानकात ४०० जीचा डीआर४ इंटरफेस ५०० मीटर जातो, एफआर८ दोन किलोमीटर आणि एलआर८ दहा. ग्रेटर नोएडातल्या ज्या नॉलेज पार्कात २०२२ मध्ये योट्टा कंपनीचे डेटा सेंटर सुरू झाले, तिथून दिल्लीचे जनपथ सरळ रेषेतही वीस किलोमीटरच्या पुढे आहे. म्हणजे तिन्ही बाद. म्हणून सार्वजनिक पैशाच्या निविदेत वेगाआधी अंतर, फायबरमध्ये होणारा प्रकाशाचा क्षय आणि लाइन कोडिंग (बिट पाठवण्याची मांडणी) लिहिले गेले पाहिजे.

कोडिंग हा किरकोळ तपशील नव्हे. शून्यांची लांबलचक रांग आली की पलीकडच्या टोकाला एक बिट कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे कळेनासे होते. १९९८ च्या गिगाबिट इथरनेटने त्यावर उपाय म्हणून दर आठ बिटांमागे दहा पाठवले. हा पंचवीस टक्के जादा भार २००२ च्या दहा गिगाबिटला परवडणारा नव्हता. तिथे ६४ बिटांमागे ६६ आले आणि भार तीन टक्क्यांवर उतरला. ४०० जीमध्ये प्रकाशाच्या दोन पातळ्यांऐवजी चार आल्या, पीएएम४. एका ठोक्यात दोन बिट जाऊ लागले, पण पातळ्यांमधले अंतर तिसऱ्या हिश्श्यावर आले. त्यामुळे चुका होणारच हे गृहीत धरून त्या दुरुस्त करणारा कोड सक्तीचा झाला. इतक्या नाजूक संकेताला वाया घालवायला प्रकाश उरत नाही.

आणि आपल्याकडे तो वाया जातो. दहा किलोमीटरच्या एलआर८ ला क्षयाची मुभा जेमतेम सव्वासहा डेसिबल. त्यातले साडेतीन ते चार काच स्वतःच खाते. उरलेल्यात कनेक्टर आणि जॉइंट बसवायचे. जेसीबीने केबल तोडली की मधे नवा तुकडा घालतात, म्हणजे एकाऐवजी दोन जॉइंट वाढतात. मेट्रो, गटार, गॅसवाहिनी अशी खोदाई सतत चालणाऱ्या शहरात कागदावरचे दहा किलोमीटर किती वर्षे दहा राहतील? नकाशावरच्या अंतराऐवजी ओटीडीआरने (फायबरमधला क्षय मोजणाऱ्या यंत्राने) मोजलेला क्षय निविदेला जोडला पाहिजे, तो यासाठी.

शहराएवढ्या अंतरासाठी ओआयएफ या उद्योगसंघटनेने २०२० मध्ये ४००झेडआर हे खुले मानक दिले. त्यात कोहेरंट तंत्र (प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर त्याची फेजही वापरणारे) आहे आणि अॅम्प्लिफायर लावले तर पल्ला १२० किलोमीटरपर्यंत जातो. यावर जाणकारांचा आक्षेप असा की कंपन्यांचे स्वतःचे चूकदुरुस्ती कोड याहून सरस असतात आणि पल्लाही जास्त देतात. हे खरे आहे. मात्र तो कोड घेतला की दोन्ही टोकांना त्याच कंपनीचे मॉड्यूल लागते, आणि पुढच्या खरेदीत भाव ठरवण्याची ताकद विक्रेत्याकडे जाते. मुंबई-दिल्लीसारख्या लांब पल्ल्यावर तो सौदा पटेल, नोएडा-दिल्लीसाठी नाही. दुसरा आक्षेप किमतीचा आणि उष्णतेचा: कोहेरंट मॉड्यूल पंधरा-वीस वॅट खाते. तेव्हा इमारतीच्या आत ते लावूच नये, तिथे डीआर४ पुरते. तिसरा आक्षेप, ८०० जीचे मानकही २०२४ मध्ये आले, मग आत्ता कशाला गुंतायचे? मॉड्यूल काढून दुसरे बसवता येते. जमिनीतली केबल आणि तिच्यातले जॉइंट तेच राहतात. तेव्हा मोजणीवरचा खर्च पुढच्या पिढीलाही उपयोगी पडतो.

दूरसंचार उपकरणांची मानके लिहिणारे टीईसी जनपथावरच, खुर्शीद लाल भवनात आहे. सार्वजनिक खरेदीसाठी त्याने एक अट घालावी: इंटरफेस आणि चूकदुरुस्तीचा कोड नावानिशी लिहा, आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची मॉड्यूल समोरासमोर जोडून, प्रत्यक्ष मोजलेल्या क्षयावर चालवून दाखवल्याशिवाय बिल मंजूर करू नका.