धून कोणाची?

आमच्या देवगाव फाट्यावर पूर्वी चहाच्या हॉटेलात पहाटे आकाशवाणीची धून वाजे. ती वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराची मानतात. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि जर्मनीत ज्यू कलावंतांना दारे बंद झाली. बर्लिनमध्ये शिकलेला कॉफमन १९३४ साली मुंबईत आला. त्याने येथील चित्रपटांना संगीत दिले, १९३७ पासून मुंबई रेडिओवर नोकरी केली. तिकडे नाझी पक्षाचा सभासद हर्बर्ट विंट याने १९३५ साली हिटलरच्या प्रचारपटाला संगीत दिले. त्याला कामे मिळत राहिली. जन्म पाहून माणसाला हाकलणे म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. म्हणून गायक-शाहीर बांधवांनो, निवडणुकीत गाण्याची सुपारी घेताना आपला आवाज कोणाच्या कामी येतो, एवढे पाहा. जयभीम!