का भेटते जी?

"यात मिळतं काय?" हा प्रश्न विचारणाऱ्याला निदान पाच रुपये दंड असावा, असं माझं जुनं मत आहे. २०२४ मध्ये दंडसंहिता जाऊन न्यायसंहिता आली, पण तिच्यातही हे कलम नाही. कुणी पेटी शिकू लागला, जुनी नाणी जमवू लागला, तळ्याकाठी पाखरं बघत बसला की हा प्रश्न आलाच. आमच्या भंडाऱ्यात तो आदबीने येतो : "का भेटते जी यात?" आदब 'जी'पुरती, बाकी सगळा पोलिसी खाक्या.

मी बँकेतला कारकून, त्यात बी. कॉम. पैशाला नावं ठेवायची माझी छाती नाही. महिनाभर दुसऱ्यांचे पैसे मोजतो आणि एक तारखेला स्वतःचे. दुसऱ्या मोजणीला वेळ कमी लागतो, एवढंच. तेव्हा 'पैसा म्हणजे माती' असलं काही मी म्हणणार नाही. मातीलासुद्धा सातबारा लागतो.

पण आमची झाडीपट्टी बघा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा मुलूख. दिवाळी झाली की मंडई भरते आणि धान घरात आलं की हिवाळाभर गावोगाव नाटकं. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर गेला की तो कोंबड्याशी सल्लामसलत करूनच खाली येतो. पाहुणे इतके जमतात की घरधन्यालाच झोपायला जागा उरत नाही. (त्याला ती लागतही नाही म्हणा.) तिथेच पोरी दाखवल्या जातात, सोयरिकी जमतात. वडशाच्या नाटक कंपन्या आता चांगला धंदा करतात, नटांना नाईट मिळते, हे मी लपवत नाही. पण धंदा मागून आला. त्याआधी दंडार होती. दिवसा चिखलात राबलेला गावातलाच पोरगा रात्री लुगडं नेसून, तोंडाला रंग फासून उभा राहायचा. त्याची नाईट म्हणजे एक कप चहा, तोही गार.

गडचिरोली जिल्ह्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांच्या खात्यावर ८०० भूमिका आणि ५००० वर प्रयोग जमा आहेत. २०२३ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा विचारणारे गप्प बसले. पण मला सांगा, त्याआधीच्या हजारो रात्री पद्मश्रीचा हप्ता भरण्यासाठी होत्या काय? पद्मश्री आली नसती, तर त्या रात्री बुडीत खात्यात टाकायच्या होत्या काय?

आमच्या हिशेबशास्त्रात 'गुडविल' नावाची चीज आहे. दिसत नाही, हाताला लागत नाही, तरी ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसते. गंमत अशी की विकत घेतलेलं गुडविलच पुस्तकात दाखवता येतं. स्वतः कमावलेलं दाखवायला बंदी. म्हणजे ज्या शास्त्राच्या जोरावर लोक हा प्रश्न विचारतात, त्या शास्त्रानेच हात वर केलेले आहेत!

दुसऱ्या टोकाला हल्ली 'नोकरी सोडा, आवड जोपासा' सांगणारे वक्ते निघाले आहेत. त्यांची आवड म्हणजे तिकीट लावून हे सांगणं. नोकरी कशाला सोडायची? मारुती चितमपल्लींनी वनखात्याची नोकरी केली, पगार घेतला, आणि नवेगावबांधच्या तळ्यावर पाखरांमागे हिंडले. (नवेगावबांध १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं, ते गोंदियाला गेलं याचं मला अजून वाईट वाटतं.) पुढे त्यांचा 'पक्षिकोश' झाला. रानातल्या माणसाला पाखराचं नाव विचारताना त्यांनी हिशेबाची वही उघडली असेल असं वाटत नाही.

खरी चीड येते ती निराळ्याच मंडळींची. आवड मान्य करतात, आणि तिच्या नावाने भाव पाडतात. "तुम्हाला आवड आहे ना? मग पैशाचं काय घेऊन बसलात!" मंडपवाल्याला रोख, जनरेटरवाल्याला आगाऊ, आणि तबलजीला नारळ. आमच्या मॅनेजरला खुर्चीची किती आवड! पण पहिल्या तारखेला त्यांना कुणी शाल-श्रीफळ देऊन वाटेला लावल्याचं मी पाहिलं नाही.

आमच्या शाखेचा एक खातेदार आहे. लाखनीकडचा, चार एकर धानवाला. नाटकात नेहमी खलनायक. हिवाळ्यात काउंटरवर येतो तो डोळे तांबारलेले, कानामागे कालचा रंग. एकदा रांगेतल्या एका सद्गृहस्थांनी त्याला तो प्रश्न टाकलाच. तो म्हणाला, "शिव्या भेटतेत जी. बाया बोटं मोडतेत. लई बरं वाटते."

सद्गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. मग हळूच पुढे सरकून म्हणाले, "उद्याच्या नाटकाचे दोन पास भेटतीन का जी?"