पुन्हा टाकलेले विंडोज आणि जुनी की

विंडोज पुन्हा टाकल्यावर जुन्या कीवर ते ॲक्टिव्हेट होते का, याबद्दल दोन मते ठामपणे मांडली जातात. पहिले मत असे की, हार्ड डिस्क फॉरमॅट झाली म्हणजे परवानाही गेला. आता नवी की विकत घेण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरे मत असे की, एकदा पैसे मोजून घेतलेली की कोणत्याही यंत्रावर आणि कोणत्याही आवृत्तीला कायम चालते. दोन्ही मते चुकीची आहेत. त्यातही पहिल्या मतामुळे ग्राहकाच्या खिशाला नाहक कात्री लागते, म्हणून त्याचे खंडन आधी व्हायला हवे.

जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आले आणि परवान्याची नोंद ठेवण्याची पद्धत बदलली. ॲक्टिव्हेशनच्या वेळी यंत्रातील भागांवरून, मुख्यतः मदरबोर्डवरून, त्या यंत्राची एक खूण तयार होते आणि ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते. यालाच डिजिटल लायसन्स म्हणतात. ही नोंद डिस्कवर नसतेच, त्यामुळे डिस्क पुसल्याने ती पुसली जाण्याचा प्रश्नच येत नाही. जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली तरी परवाना अबाधित राहतो. सेटअपने की मागितली तर खालच्या 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' या ओळीवर क्लिक करावे आणि पूर्वी होती तीच आवृत्ती निवडावी. इंटरनेट जोडल्यावर विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होते. विंडोज ८ किंवा त्यानंतरचे विंडोज घेऊन कारखान्यातून आलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तर की मदरबोर्डवरच साठवलेली असते आणि सेटअप ती स्वतः वाचून घेतो.

मग तरीही कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' ही पुसट अक्षरे का उमटतात? बहुतेक वेळा कारण साधे असते. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' ही आवृत्ती असते आणि दुरुस्तीच्या वेळी सर्रास 'प्रो' टाकली जाते. होमच्या परवान्यावर प्रो ॲक्टिव्हेट होत नाही. मूळची आवृत्ती पुन्हा टाकावी, एवढाच त्यावर उपाय आहे. 'परवाना संपला' हे निदान येथे सपशेल चुकीचे ठरते.

फॉरमॅट मारण्यापूर्वी एखाद्या सॉफ्टवेअरने की काढून लिहून ठेवावी, हा सल्लाही फारसा उपयोगाचा नाही. डिजिटल लायसन्स असलेल्या विंडोज १० प्रो यंत्रावर अशी सॉफ्टवेअर बहुधा ३व्ही६६टी या अक्षरांनी संपणारी की दाखवतात. ती असंख्य यंत्रांवर सारखीच असते. तिने आवृत्ती ठरते, परवाना मिळत नाही. विंडोज ७ च्या काळातही असाच घोळ होता. कारखान्यात टाकलेल्या विंडोजला उत्पादक कंपनीची सामायिक की असे, तर लॅपटॉपच्या पोटाला चिकटवलेल्या स्टिकरवर पाच-पाच अक्षरांच्या पाच गटांची वेगळी की छापलेली असे. नव्याने विंडोज ७ टाकताना उपयोगी पडे ती स्टिकरवरची.

आता दुसरे मत. त्याला आधार होता, हे मान्य केले पाहिजे. विंडोज ७ आणि ८.१ वरून विनामूल्य बढतीची मुदत २९ जुलै २०१६ रोजी संपली, पण त्या जुन्या कीवर विंडोज १० आणि पुढे ११ ॲक्टिव्हेट होतच राहिले. सात वर्षे चाललेली गोष्ट लोकांनी नियम मानली, यात लोकांचा दोष नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा मार्ग बंद केल्याचे जाहीर केले. तो बंद करण्याचा कंपनीला अधिकार होता, परंतु इतकी वर्षे मोकळी सोडलेली वाट पुरेशी आगाऊ मुदत देऊन बंद करणे अधिक न्याय्य ठरले असते. मात्र त्या मार्गाने पूर्वीच ॲक्टिव्हेट झालेल्या यंत्रांचे डिजिटल लायसन्स कायम आहे. त्यांच्यावर तीच आवृत्ती पुन्हा टाकता येते.

'कोणत्याही यंत्रावर' हा दावाही अर्धाच खरा आहे. सुटी विकत घेतलेली रिटेल की जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येते. यंत्रासोबत आलेली ओईएम की त्या मदरबोर्डशी बांधलेली असते आणि त्याच्यासोबतच संपते. म्हणून रिटेल परवाना असेल तर मदरबोर्ड बदलण्यापूर्वीच तो मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवावा. नंतर ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटरमधून हार्डवेअर बदलल्याचे सांगता येते.

राहिला काही शे रुपयांत मिळणाऱ्या कीचा मुद्दा. 'ॲक्टिव्हेट झाले म्हणजे कायदेशीर' हा युक्तिवाद टिकत नाही. अशा कित्येक की संस्थांना दिलेल्या घाऊक परवान्यांतून बाहेर आलेल्या असतात आणि मर्यादेपेक्षा जास्त वापर दिसला की त्या रोखल्या जातात. क्रॅक टाकणे त्याहून वाईट, कारण त्यासाठी अँटिव्हायरस बंद करून अनोळखी प्रोग्रॅमला पूर्ण अधिकार द्यावे लागतात.

विंडोज पुन्हा टाकण्यापूर्वी सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशनचे पान उघडावे आणि आवृत्तीचे नाव लिहून घ्यावे. तेथे 'डिजिटल लायसन्स' हे शब्द दिसत असतील, तर त्याच यंत्रासाठी नव्या कीचे पैसे कोणालाही देऊ नयेत.