विश्लेषण : लस पुण्याची, चाचणी युरोपात, वऱ्हाडातल्या रुग्णाचे काय?

लघवीतून रक्त गेले, दुखले मात्र नाही. वऱ्हाडात उन्हाळ्यात याचे निदान घरीच होते. ‘उन्हाळी लागली’, नाहीतर ‘खडा असेल’. धने-जिऱ्याचे पाणी सुरू होते, रक्त आपोआप थांबते आणि विषय मागे पडतो. मूत्राशयाच्या कर्करोगाची सुरुवात बरेचदा अशीच असते. खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो, हे अकोला-अमरावतीत पोरासोरांनाही ठाऊक आहे. विडी-सिगारेटच्या धुरातली घातक द्रव्ये लघवीवाटे बाहेर पडताना मूत्राशयाचे अस्तर बिघडवतात, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

बीसीजी कशासाठी?

सुरुवातीच्या टप्प्यात गाठ आतल्या अस्तरापुरती असते, स्नायूत शिरलेली नसते. दुर्बिणीतून ती खरवडून काढता येते. पण पुन्हा उगवण्याची तिची खोड मोठी. म्हणून जास्त धोका असलेल्या रुग्णांच्या मूत्राशयात नळीने बीसीजी सोडतात. होय, बाळाच्या दंडावर टोचतात तीच क्षयाची लस, फक्त मात्रा वेगळी. तिच्यामुळे तिथली प्रतिकारशक्ती जागी होते आणि कर्करोगाच्या पेशींवर तुटून पडते. कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये हा अनुभव प्रसिद्ध केला. आजही पहिली पसंती हीच आहे.

तरीही रोग परतला तर?

मग सहसा मूत्राशय काढण्याचा सल्ला मिळतो. ते टाळण्यासाठीच नव्या चाचण्या सुरू आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे असलेली ‘व्हीपीएम १००२’ ही जनुकीय बदल केलेली बीसीजी स्वित्झर्लंड आणि जर्मनीत अशाच रुग्णांवर तपासली गेली. ६० आठवड्यांनंतर सुमारे निम्म्या रुग्णांच्या मूत्राशयात रोग परतला नव्हता. रुग्ण थोडे होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे हे आशादायक म्हणावे, सिद्ध नव्हे. अमेरिकेत २०२० मध्ये पेम्ब्रोलिझुमॅबला, तर २०२४ मध्ये बीसीजीसोबत द्यायच्या ‘एन-८०३’ला मंजुरी मिळाली. सोयाबीनच्या भावावर घर चालणाऱ्याला ही औषधे परवडण्याचा प्रश्नच नाही.

अडते कुठे?

बीसीजीचे आधी आठवड्याला एक असे ६ डोस, मग ठरावीक अंतराने तीन-तीन. तीन वर्षांचा पूर्ण क्रम २७ डोसांचा, शिवाय सुरुवातीला दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी. अमरावतीहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर, अकोल्याहून सुमारे २५०. पेरणीच्या आठवड्यात एक फेरी चुकते, मग दुसरी.

खरी मेख इथेच आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाच्या व्याख्येनुसार ‘बीसीजी पुरेसे मिळाले’ म्हणायला पहिल्या सहापैकी किमान पाच आणि नंतरचे किमान दोन डोस झालेले हवेत. ‘बीसीजी निकामी ठरले’ अशा रुग्णांसाठीच्या अनेक चाचण्या याच मोजमापावर प्रवेश देतात. डोस चुकलेल्या रुग्णाला त्या चाचणीचे दार बंद होते, रोग तोच असला तरी.

या डोसला शस्त्रक्रियागृह लागत नाही. शीतपेटी, नळी घालणारे प्रशिक्षित हात आणि जंतुसंसर्गाची काळजी पुरते. अमरावतीच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात मूत्रविकार विभाग आहे, अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. निदान आणि शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रात होऊ द्या. दर आठवड्याचा डोस मात्र इथेच, ठरल्या दिवशी मिळायला हवा. तोवर रुग्णाने प्रत्येक डोसची तारीख आणि मात्रा फाइलमध्ये लिहून घ्यावी. पुढे एखाद्या चाचणीसाठी विचारणा करताना डॉक्टर आधी तेच कागद मागतील.