पन्नास वानरे की पाच?

मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १०,३७१.९२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय मिशन’ला मंजुरी दिली. तेव्हापासून आपल्याकडील चर्चा बहुतांशी जीपीयूंची संख्या आणि देशी मॉडेलांची नावे यांभोवतीच फिरते आहे. व्हाइटफील्डमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या वाट्याला मात्र या क्रांतीचा अगदी किरकोळ वाटावा असा तुकडा आला: बहुपदीची मुळे शोधणाऱ्या एका सॉफ्टवेअर साधनाची माहिती लिहिणे. वाचक माणूस नव्हे, एआय एजंट. हे काम कारकुनी आहे, असे कचेरीत सर्वांचे मत होते, माझेही होते. ते मी बदलले, म्हणून हा लेखनप्रपंच.

एजंट साधन वापरतो म्हणजे काय करतो? नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’सारख्या व्यवस्थेत प्रत्येक साधनाचे नाव, काही ओळींचे वर्णन आणि त्याला काय पुरवायचे याचा नमुना एजंटपुढे येतो. बहुधा तेवढ्यावरच त्याला निर्णय घ्यावा लागतो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ‘अरे, हे असेच ना?’ असे विचारण्याची सोय त्याला नाही.

पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते, ‘सहगुणकांची यादी द्या.’ वाक्य निर्दोष दिसते. पण यादी कोणत्या टोकापासून? नमपाय या प्रसिद्ध ग्रंथालयातले जुने ‘रूट्स’ फलन सर्वोच्च घातापासून सहगुणक मागते. त्याच ग्रंथालयातला नवा ‘पॉलिनॉमियल’ विभाग स्थिरपदापासून सुरुवात करतो. क्ष² − ५क्ष + ६ ची मुळे २ आणि ३. यादी उलटली की समीकरण ६क्ष² − ५क्ष + १ होते आणि उत्तरे येतात १/२ व १/३, म्हणजे बरोबर व्यस्त! यंत्र कुरकुरत नाही, चुकीची सूचना येत नाही. उत्तर सुबक असते आणि दुसऱ्याच प्रश्नाचे असते. मी चाचणीसाठी क्ष² − १ घेतले होते. त्याची यादी उलटली तरी मुळे +१ आणि −१ हीच राहतात. चाचणी उत्तीर्ण, लेखक नापास.

यावर एक आक्षेप हमखास येतो: एजंट हुशार आहे, उत्तर मूळ समीकरणात घालून पडताळून पाहील. उलट्या यादीची चूक त्याने पकडलीही जाईल. पण (क्ष − १)³ घ्या. तीनही मुळे १ असताना सामान्य संगणकीय अचूकतेत सहगुणकांवरून काढलेली उत्तरे पाचव्या-सहाव्या दशांश स्थळाच्या आसपास भरकटतात आणि त्यांतली दोन सहसा संमिश्र संख्या म्हणून येतात. ‘केवळ वास्तव मुळे ठेव’ असे सांगितलेला एजंट ती दोन निमूटपणे टाकून देईल. पडताळ्याचे म्हणाल तर मूळ ०.००००१ ने चुकले असतानाही किंमत येते १०⁻¹⁵. एजंट समाधानाने मान डोलावणार.

इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील जेम्स विल्किन्सन यांची बहुपदी याहून भयंकर. १ ते २० ही तिची वीस मुळे. क्ष¹⁹ चा सहगुणक −२१०. त्यात २⁻²³ इतका, म्हणजे कोटीत सुमारे एक भाग याहूनही कमी वाट्याचा, सूक्ष्म बदल केला की वीसपैकी दहा मुळे संमिश्र होतात. आपल्या व्यावसायिक आयुष्यातला हा सर्वांत धक्कादायक अनुभव होता, असे विल्किन्सन यांनी १९८४ च्या लेखात नमूद केले आहे. मग ‘कोणत्याही कोटीच्या बहुपदीची मुळे शोधते’ एवढेच वर्णन लिहिणे मला तरी अप्रामाणिकपणाचे वाटते. कोणत्या कोटीपर्यंत, किती अचूक, पुनरावृत्त मुळांचे काय, हे ठरवून लिहायला गणितच यावे लागते. हे काम आपण नवख्यांकडे किंवा दुसऱ्या एखाद्या मॉडेलकडे ढकलतो, याची मला खरी चिंता वाटते.

आणि उत्तर अचूक आल्यावरही एक प्रश्न उरतो. भास्कराचार्यांच्या बीजगणितात वानरांचे उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला, तितकी वानरे गुहेत गेली. एक फांदीवर दिसते. तर कळप किती? क्ष² − ५५क्ष + २५० = ०. मुळे ५० आणि ५. दोन्ही समीकरणात चपखल बसतात. पण कळप पाचाचा मानला तर पाचवा भाग एक, त्यातून तीन वजा म्हणजे −२ वानरे! भास्कराचार्य दुसरे उत्तर अग्राह्य ठरवतात, आणि असे ऋण प्रत्यक्षात लोकांना पटत नाही, हे कारणही देतात. समीकरण सोडवणाऱ्याने कुठे थांबायचे आणि कुठून पुढे प्रश्नकर्त्याने ठरवायचे, ही सीमा त्यांनी ग्रंथातच आखून दिली. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील १२०७ च्या शिलालेखानुसार त्यांचा नातू चांगदेव (योगी चांगदेव नव्हेत) याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. तिथल्या विद्यार्थ्याला अडल्यावर गुरूला विचारता येत होते.

आमच्या साधनाच्या वर्णनात आता चाचणीचे उदाहरण म्हणून वानरे आहेत. यादी सुलट दिली तर ५० आणि ५. उलट दिली तर १/५० आणि १/५. तेवढे वानर कोणत्याही फांदीवर बसत नाही, हेही मी तिथे लिहिले आहे.