गतविजेत्यांची तुटलेली साखळी

२९ डिसेंबर २०२४ च्या रात्री पुण्यातील बालेवाडी क्रीडासंकुलात प्रो कबड्डी लीगच्या अकराव्या मोसमाचा अंतिम सामना रंगला. हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे नमवून आपले पहिले विजेतेपद पटकावले. सामना पुण्यात, प्रेक्षक बहुतांशी महाराष्ट्राचे; परंतु दहाच महिन्यांपूर्वी हा करंडक उंचावणारा पुणेरी पलटण संघ मात्र त्या मॅटवर नव्हता. गतविजेत्यांची मजल साखळीतील आठव्या क्रमांकापर्यंतच गेली होती आणि बाद फेरीची दारे पहिल्या सहा संघांनाच उघडी होती. त्या रात्री हरियाणाच्या आनंदोत्सवात जो इराणी खेळाडू सर्वांत पुढे होता, तो मोहम्मदरेझा शादलुई मार्च महिन्यात पुण्याच्या विजयोत्सवातही होता. एकाच वर्षात दोन संघांकडून विजेतेपद मिळवणाऱ्या या खेळाडूच्या प्रवासात पुण्याच्या फसलेल्या मोसमाची बरीचशी उकल सापडते.

रायगड जिल्ह्यातील कबड्डीशौकिनांना यजमानांच्या अनुपस्थितीत झालेला अंतिम सामना नवा नव्हता. पनवेल-रोहा लोहमार्गावर आपट्यानंतर जिते हे लहानसे स्थानक लागते. गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी ओळखले जाणारे हमरापूर त्याच्या पुढे, मग पेण आणि मार्गाच्या अखेरीस रोहा. या पट्ट्यात भातकापणी उरकली की मोकळ्या शेतात मैदाने आखली जातात आणि ग्रामदेवतेच्या नावाचे संघ प्रकाशझोतात रात्री जागवतात. याच रोह्यात जानेवारी २०१९ मध्ये ६६ वी वरिष्ठ गट राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा भरली होती. त्याआधीच्या वर्षी हैदराबादेत महाराष्ट्राने रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली सेनादलावर ३४-२९ अशी मात करून ११ वर्षांची प्रतीक्षा संपवली होती. साहजिकच रोह्यात महाराष्ट्र गतविजेता म्हणून, आणि तेही घरच्या मैदानावर उतरला. प्रत्यक्षात अंतिम सामना भारतीय रेल्वे आणि सेनादल यांच्यात झाला आणि अजिंक्यपद रेल्वेने नेले. रोह्याने २०१९ मध्ये जे पाहिले, तेच बालेवाडीने २०२४ मध्ये पाहिले. दोन्ही प्रसंगांची जातकुळी एक असली तरी कारणे वेगळी आहेत, आणि पुण्याच्या बाबतीत ती अधिक स्पष्टपणे तपासता येतात.

पुण्याने जे गमावले त्याचे मोल समजण्यासाठी दहाव्या मोसमाकडे पाहावे लागते. त्या मोसमात साखळीतील २२ सामन्यांपैकी १७ जिंकून, ३ बरोबरीत सोडवून आणि अवघे २ गमावून पुण्याने ९६ गुणांसह अव्वल स्थान घेतले होते. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत झालेल्या अंतिम सामन्यात त्यांनी हरियाणालाच २८-२५ असे हरवले. मोसमातील सर्वोत्तम खेळाडूचा मान कर्णधार अस्लम इनामदारला मिळाला आणि पकडींत ९९ गुण मिळवून शादलुई सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला. म्हणजे लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू आणि सर्वांत प्रभावी बचावपटू हे दोघेही एकाच संघात होते. पुढच्या मोसमाच्या मध्यापर्यंत या दोघांपैकी एकही पुण्यासाठी मॅटवर उरला नाही.

शादलुईचा प्रश्न लिलावात निकाली निघाला. दहाव्या मोसमासाठी पुण्याने त्याच्यावर २ कोटी ३५ लाख रुपये खर्च केले होते. संघाला संपूर्ण चमू उभारण्यासाठी ५ कोटींचीच मर्यादा असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका बोलीचे ओझे कळते. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईत झालेल्या लिलावात हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना आपल्याकडे ओढले. पुण्याने त्याला संघात राखले नव्हते. त्यामागचा हिशेब समजण्याजोगा होता. संघाच्या व्यवस्थापनाने गेली काही वर्षे तरुण खेळाडू घडवून त्यांना दीर्घकाळ जपण्याचे धोरण आखले होते. अस्लम, आकाश शिंदे, मोहित गोयत, पंकज मोहिते, अबिनेश नादराजन, गौरव खत्री ही मंडळी त्याच धोरणाची फळे. एका परदेशी खेळाडूवर तिजोरीचा दोनपंचमांशाहून अधिक भाग रिता करण्यापेक्षा हा तरुण गट अखंड ठेवावा, असे वाटण्यात गैर काही नव्हते.

गैर ठरला तो एक समज. संघातील एक जण वजा झाला तर उरलेले सहा जण पूर्वीइतकेच राहतात, हे गणित चढाईला बऱ्याच अंशी लागू पडते. बचावाला मुळीच नाही. चढाईपटू एकटा जातो. तीस सेकंदांत त्याला जे करायचे ते स्वतःच्या पायांवर आणि दमावर. त्याच्या जागी दुसरा आला तर गुण कमी येतील, पण बाकीच्यांचा खेळ बदलत नाही. बचावाची गोष्ट निराळी. डावा कोपरारक्षक घोट्याला हात घालतो त्याच क्षणी शेजारच्या मध्यरक्षकाला पुढे झेपावून चढाईपटूला मध्यरेषेपासून तोडावे लागते. हा क्षण डोळ्यांनी ओळखून गाठता येत नाही, तो सरावाने अंगात मुरावा लागतो. कोपरारक्षक आक्रमक असेल तर मध्यरक्षक अर्धे पाऊल आधीच पुढे सरकतो. तो संयमी असेल तर थांबतो. पहिला जाऊन दुसरा आला आणि मध्यरक्षकाचे पाऊल जुन्याच तालावर पडले, की ज्या पकडीने गुण मिळायचा तीच पकड दोन गुण देऊन बसते. हातात हात गुंफलेल्या बचावफळीला मराठी कबड्डीत साखळी म्हणतात, ते उगीच नव्हे.

शादलुई हा तर आक्रमकपणाचा कळस. चढाईपटूने बोनस रेषेकडे पाय टाकण्याची वाट न पाहता स्वतःहून अंगावर जाणारा हा डावा कोपरारक्षक. त्याच्या या धाडसाभोवतीच अबिनेश आणि दुसऱ्या बाजूचा गौरव खत्री यांचा खेळ बेतलेला होता. त्याच्या जाण्याने पुण्याने ९९ गुण गमावले असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. त्याच्या धाकाने प्रतिस्पर्धी चढाईपटू उजव्या बाजूला वळत आणि तिथे इतरांना सावज मिळे; ते आयते सावजही गेले.

अर्थात मोसमाच्या आरंभी याची चाहूल कोणाला लागली नव्हती. १९ ऑक्टोबर २०२४ रोजी हैदराबादेत पुण्याने सलामीला हरियाणाला, म्हणजे शादलुईच्या नव्या संघाला, ३५-२५ असे सहज हरवले. त्या दिवशी लिलावातला निर्णय शहाणपणाचा वाटला असेल. पुढे गुडघ्याच्या दुखापतीने अस्लम इनामदार उर्वरित मोसमाला मुकला आणि नेतृत्व आकाश शिंदेकडे आले. अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेला अस्लम चढाईतला हुकमी एक्का होताच. शिवाय तिसऱ्या, म्हणजे गुण न आणल्यास स्वतः बाद होण्याच्या चढाईची जबाबदारी त्याच्यावर असे आणि बचावात तो साखळीचा भरवशाचा दुवा होता. लोण पडण्याच्या बेतात असताना शांत राहणारा माणूस संघाने गमावला. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या हाती चढाईपटू अनेक होते, पण अटीतटीच्या शेवटच्या पाच मिनिटांत कोणाला पाठवायचे याचे पूर्वीचे निर्विवाद उत्तर नव्हते. २२ सामन्यांत ९ विजय आणि ६० गुणांवर पुण्याचा मोसम संपला. अवघ्या एका वर्षात ३६ गुणांची ही घसरण.

गतविजेत्यांच्या नशिबी असे दिवस येणे प्रो कबड्डीत तसे नवलाचे नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या लीगच्या २०२५ पर्यंतच्या १२ मोसमांत विजेतेपद राखण्याची वेळ अकरा वेळा आली आणि ते राखले गेले फक्त दोनदा. दोन्ही वेळा तो मान पाटणा पायरेट्सचा. जयपूर पिंक पँथर्सला दुसऱ्या मोसमात उपांत्य फेरीही गाठता आली नाही. बंगाल वॉरियर्स गतविजेते असताना नवव्या स्थानावर राहिले. २०१५ मध्ये विजेत्या ठरलेल्या यू मुंबाने पुढच्या मोसमात अंतिम फेरी गाठली, पण मार्च २०१६ मध्ये पाटण्याकडून २८-३१ असा निसटता पराभव पत्करला. महाराष्ट्रातील संघाने विजेतेपद राखण्याच्या सर्वांत जवळ जाण्याचा प्रसंग तोच.

पाटण्याचे अपवादात्मक यशही वरच्या विवेचनाला पुष्टीच देते. २०१६ आणि २०१७ मध्ये त्यांचा डोलारा प्रदीप नरवाल या एका चढाईपटूवर उभा होता. पाचव्या मोसमात त्याने चढाईत ३६९ गुण मिळवले आणि अंतिम सामन्यात गुजरातला ५५-३८ असे हरवण्यात त्याचाच सिंहाचा वाटा होता. आजूबाजूचे खेळाडू बदलत राहिले तरी तो टिकून होता तोवर संघ टिकला. बचावाच्या जोरावर विजेते झालेल्या संघाला ही सोय नसते. मात्र एकखांबी तंबूचीही एक किंमत असते. प्रदीप असूनही सहाव्या मोसमात पाटण्याला बाद फेरी गाठता आली नाही.

पुण्याच्या धोरणाचा निवाडा अकराव्या मोसमावरूनच करणे अन्यायाचे होईल. २०२५ च्या बाराव्या मोसमात अजय ठाकूर या नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली आणि तंदुरुस्त होऊन परतलेल्या अस्लमच्या नेतृत्वाखाली याच तरुण गटाने साखळीतील १८ पैकी १३ सामने जिंकून अव्वल स्थान मिळवले. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत झालेल्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने त्यांना ३१-२८ असे रोखले, तरी आदित्य शिंदेच्या चढायांनी शेवटपर्यंत सामना जिवंत ठेवला होता. अबिनेश आणि गौरव यांनी दरम्यानच्या काळात शादलुईविना आपला ताल जुळवून घेतला होता. त्यासाठी एक आख्खा मोसम खर्ची पडला, इतकेच. दुसरीकडे शादलुईला बाराव्या मोसमासाठी गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाखांना घेतले आणि गतविजेता हरियाणा प्ले-इनच्या सामन्यात जयपूरकडून हरून बाहेर पडला. जे पुण्याचे झाले, तेच वर्षभराने हरियाणाचे झाले.

तेव्हा दोष एखाद्या संघापेक्षा व्यवस्थेकडे अधिक जातो. सर्व संघ तुल्यबळ राहावेत, दरवर्षी नवा विजेता मिळावा आणि दूरचित्रवाणीचा प्रेक्षक खिळून राहावा, हा लिलावाचा आणि खर्चाच्या मर्यादेचा उघड हेतू आहे. तो सफलही झाला आहे. पण विजेत्या संघातील खेळाडूंचे भाव विजयानंतर वाढतात आणि तिजोरी मात्र तेवढीच राहते. ज्याने करंडक आणून दिला त्याला राखणे यामुळे सर्वांत महाग पडते. तरुण खेळाडूंशी दीर्घ मुदतीचे करार हा त्यावरचा एक उपाय आहे. जोडीने खेळणाऱ्या दोन बचावपटूंना एकत्र राखण्याची सवलत हा दुसरा असू शकेल. त्याचा विचार लीगच्या सूत्रधारांनी करायला हरकत नाही.

रोह्याच्या पराभवाकडे या प्रकाशात पाहिले तर त्याचाही उलगडा होतो. लीगचा सहावा मोसम ५ जानेवारी २०१९ रोजी संपला आणि राष्ट्रीय स्पर्धा त्याच महिन्याच्या अखेरीस आली. २०१८ च्या विजेत्या संघातील रिशांक त्या मोसमात यूपी योद्धाकडून, तर गिरीश इर्नाक पुण्याकडून खेळला होता. तीन महिने एकमेकांविरुद्ध खेळलेल्यांना तीन आठवड्यांत पुन्हा एक साखळी बनवायची होती. रेल्वे आणि सेनादल यांचे खेळाडूही लीगमध्ये विखुरलेले असतातच. पण ते एकाच आस्थापनेचे नोकरदार असतात आणि लीग संपली की एका छत्राखाली परततात. महाराष्ट्राच्या संघाला असे छत्र नाही. राज्य शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. तथापि त्यातून मिळणारी नोकरी एकेका खेळाडूला वेगवेगळ्या खात्यांत नेते, त्यातून संघ उभा राहत नाही.

जिते ते रोहा पट्ट्यातल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलापुढे म्हणूनच दोन वाटा आहेत. एक लिलावाची. ती कोपरारक्षकापेक्षा चढाईपटूला लवकर वर नेते आणि गुडघा दुखावला तर एका मोसमात थांबते. दुसरी रेल्वेची किंवा सैन्यदलाची. तिथे नोकरी आणि संघ एकत्र मिळतात. मात्र त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धेत तो महाराष्ट्राच्या विरुद्ध बाजूला उभा असतो. गावच्या मैदानावर सहा-सहा वर्षे एकत्र खेळून ज्यांची पकड एकजीव झाली आहे, अशा सात जणांना एकाच वेळी पुढे नेणारी तिसरी वाट राज्यात अजून कोणी आखलेली नाही.