चिचेन इत्साचा गाईड काय सांगत नाही?

कॅनकूनच्या किनाऱ्यावरील हॉटेलातून सकाळी निघालेली वातानुकूलित बस सुमारे दोनशे किलोमीटर अंतर कापून चिचेन इत्साच्या वाहनतळावर थांबते. मुंबई-पुण्याकडील चाळीसेक पर्यटकांचा गट टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि बाकरवडीच्या पुड्यांसह खाली उतरतो. कुकुलकानच्या पिरॅमिडसमोर उभे राहून गाईडच्या सांगण्यावरून सारे टाळ्या वाजवतात. दगडी पायऱ्यांवरून परतणारा प्रतिध्वनी केत्साल पक्ष्याच्या चिरक्या आवाजासारखा ऐकू येतो आणि आबालवृद्ध खूश होतात. चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या, वरचा चौथरा धरून ३६५. पंचांग दगडात बांधून काढणाऱ्यांच्या या करामतीपुढे मंडळी थक्क होतात. मग चेंडूच्या खेळाचे भव्य मैदान, कवट्या कोरलेला चौथरा, बळी टाकण्याची विहीर. तास-दीड तासाच्या माहितीतील मोठा भाग नरबळीच्या वर्णनात जातो. आणि अखेरीस ते ठरलेले वाक्य येते: ''मग हे माया लोक अचानक नाहीसे झाले. कुठे गेले, हे कोणालाच ठाऊक नाही.''

हे विधान धादांत खोटे आहे. ज्या उपाहारगृहात या गटासाठी डाळ-भाताची खास सोय केलेली असते, तेथे ताट पुढे करणारा मनुष्य बहुधा शेजारच्या पिस्ते गावचा असतो आणि त्याच्या घरातील वडीलधारी मंडळी आजही माया भाषेत बोलत असतात. २०२०च्या जनगणनेनुसार एकट्या मेक्सिकोत युकातेक माया भाषा बोलणारे सुमारे पावणेआठ लाख लोक आहेत. ग्वाटेमालातील किचे, काकचिकेल, मोपान, केकची आदी माया समूह धरले, तर हा आकडा कित्येक पटींनी वाढतो. जे लोक जेवण वाढत आहेत, त्यांच्याच देखत ते लुप्त झाल्याचे सांगितले जाते आणि सुशिक्षित पर्यटक माना डोलावतात!

या थापेत सत्याचा कण आहे, म्हणूनच ती पचते. इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आसपास तिकाल, पालेंके, कोपान ही दक्षिणेकडील नगरे ओस पडली. आपसांतील युद्धे, दीर्घ अवर्षणे अशी कारणे अभ्यासक देतात. परंतु नगरे ओस पडली म्हणजे समाज संपला काय? विजयनगर उद्ध्वस्त झाले म्हणून कन्नड समाज नाहीसा झाला, असे कोणी म्हणत नाही. स्पॅनिश फौजा युकातानात उतरल्या तेव्हा तेथे माया राज्ये नांदत होती, बाजार भरत होते आणि पुरोहित झाडाच्या सालीच्या कागदावर चित्रलिपीत पोथ्या लिहीत होते.

त्या पोथ्यांचे काय झाले, हे मात्र गाईड सांगत नाही. मेरिदा शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर मानी नावाचे गाव आहे. तेथील फ्रान्सिस्कन मठासमोर १२ जुलै १५६२ रोजी दिएगो दे लांदा या धर्मगुरूने हजारो देवमूर्ती फोडविल्या आणि माया पोथ्यांची होळी केली. त्या मोहिमेत साडेचार हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांचा छळ झाला आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली, हे स्पॅनिश कागदपत्रांवरूनच उघड होते. पोथ्या जळताना लोकांना झालेल्या दुःखाचे लांदाला नवल वाटले आणि ते त्याने आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवले. त्याच्यावर स्पेनमध्ये खटला झाला खरा. पण निर्दोष ठरून १५७३मध्ये तो युकातानचा बिशप म्हणून परतला. दैवदुर्विलास असा की, ज्याने ही विद्या जाळली त्याच्याच ग्रंथातील अक्षरांच्या टिपणाचा आधार घेऊन १९५२मध्ये रशियन अभ्यासक युरी क्नोरोझोव्ह यांनी माया लिपीच्या वाचनाची वाट मोकळी केली.

आज साऱ्या जगात माया पोथ्या उरल्या आहेत अवघ्या चार. एक ड्रेस्डेनला, एक माद्रिदला, एक पॅरिसला आणि चौथी मेक्सिकोच्या राजधानीत. ड्रेस्डेनच्या पोथीत शुक्राच्या ५८४ दिवसांच्या फेऱ्यांची आणि ग्रहणांची कोष्टके आहेत. एका पोथीत एवढे, तर जळालेल्यांत काय असेल! नरबळी होते, हे नाकारण्याचे कारण नाही. शिल्पे आणि अस्थी त्याची साक्ष देतात. पण ज्या युरोपात त्याच काळी माणसांना धर्माच्या नावाने जिवंत जाळले जात होते, त्या युरोपच्या देवळांत फिरताना याच गटाला चितांचा हिशेब कोणी सांगत नाही. तेथे मायकेल अँजेलोचे छत दाखविले जाते. हिंदुस्थानची ओळख सती आणि सापगारुड्यांवरून करून देणाऱ्यांचीच ही रीत. इझामालचा पिवळाधमक मठ पाहताना तो माया देवालयाच्या जोत्यावर उभा आहे, मेरिदाच्या कॅथेड्रलला माया वास्तूंचेच दगड वापरले आहेत, हे पर्यटकाने स्वतःच शोधून काढायचे.

मराठी माणसाला हे कळण्यासाठी फार लांब जावे लागू नये. गोव्यात इन्क्विझिशन आले १५६०मध्ये, मानीच्या होळीच्या दोनच वर्षे आधी. त्याच सुमारास श्रीमंगेश कुशस्थळीहून नदीपार प्रियोळला आले, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला गेली. नदीपलीकडचा अंत्रूज महाल तेव्हा आदिलशाहीत होता, पोर्तुगिजांच्या हाती नव्हता, म्हणून देव वाचले. ग्रंथांच्या प्रती काशी-पैठणला होत्या, म्हणून विद्या वाचली. मायांचे अंत्रूज म्हणजे पेतेनच्या अरण्यातील सरोवरात वसलेले नोहपेतेन. ते शेवटचे स्वतंत्र माया राज्य मार्च १६९७मध्ये पडले. त्या वेळी इकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते. मायांना त्यानंतर पलीकडचा तीर उरला नाही.

येथे स्वकीयांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. गटात एखादे तरी गृहस्थ असे निघतात, जे पिरॅमिड पाहताच 'हा आपल्या मयासुराचा पराक्रम' असे जाहीर करतात. भिक्षू चमनलाल यांच्या 'हिंदू अमेरिका' या १९४०च्या पुस्तकापासून ही हौस चालत आली आहे. माया कालगणनेचा आरंभ इ. स. पूर्व ३११४ आणि कलियुगाचा ३१०२, एवढे साम्य त्यांना पुरेसे वाटते. परंतु या नामसादृश्याला कोणत्याही शिलालेखाचा आधार नाही. मायांनी शून्य स्वतः शोधले, पिरॅमिड स्वतः बांधले. आपली संस्कृती बाहेरून आलेल्यांनी दिली, असे कोणी म्हटले की आपला संताप होतो आणि तो रास्तच आहे. मग तोच अन्याय आपण दुसऱ्यावर कोणत्या तोंडाने करावा? लांदाने त्यांच्या पोथ्या नेल्या. आपण त्यांचे पूर्वज नेऊ नयेत.

विशेष म्हणजे हा समाज नुसता जगलेला नाही, त्याने राखण्यासारखे पुष्कळ राखले आहे. युकातानातील मायांनी १८४७मध्ये उठाव केला आणि तो अर्धशतकाहून अधिक काळ धुमसत राहिला. ग्वाटेमालातील यादवी युद्धात १९६० ते १९९६ या काळात दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली, असा तेथील सत्यशोधन आयोगाचा अंदाज आहे. ज्यांची ओळख पटली, त्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. तरीही मोमोस्तेनांगोच्या डोंगराळ भागात पारंपरिक दिनगणना करणारे पुरोहित २६० दिवसांचे पंचांग आजही चालवतात आणि प्रत्येक आवर्तनाला डोंगरावर धूप जाळून नवे पुरोहित दीक्षा घेतात.

मेक्सिकोच्या सहली काढणाऱ्या मराठी कंपन्यांना एवढे सहज करता येईल. कॅनकूनच्या वाळूतील एक दिवस कमी करावा, मेरिदाला एक मुक्काम वाढवावा आणि गटाला मानीला न्यावे. मठ अजून उभा आहे, समोरचे पटांगणही आहे. सध्या पर्यटक तेथे 'पोक चुक' नावाचा भाजलेल्या मांसाचा पदार्थ खायला जातात. शाकाहारी मंडळींना तोही अडथळा नाही. पोथ्या कोठे जाळल्या, एवढे विचारण्यासाठी वेळ भरपूर उरेल.